भनपुरीचं शून्य

पडद्यावरची चुकीची लाल ओळ काही हटेना. देवश्रीनं चहा घेतला, कॉम्प्युटर बंद करून चालू केला, एक-दोन वायरी ओढून पाहिल्या, ओळ तिथंच. चार वाजता अभनपूरच्या धान-व्यापाऱ्यांसमोर तिला आपला प्रोग्राम चालवून दाखवायचा होता. तिचं स्वतःचं पहिलं काम. जमलं तर रायपूरच्या शंकर नगरातल्या भाड्याच्या खोलीवर तिच्या नावाची पाटी लागणार होती. नाही जमलं तर रेल्वेच्या परीक्षेला बसवायला बाबा तयारच होते.

दोष तिचा नव्हता. सगळा प्रोग्राम आता स्वतः कोण लिहितं? दुसऱ्यांनी लिहून इंटरनेटवर फुकट ठेवलेली पॅकेजं उचलायची अन् जोडायची. पण पॅकेजांची रीत लग्नाच्या जेवणासारखी. आवतण एकट्या श्यामरावांना द्यावं, तर त्यांचे साडू, साडूंचा मेहुणा, मेहुण्याचा घरमालक, असा अख्खा पारा-मोहल्ला पंगतीला येतो. देवश्रीनं एक पॅकेज बोलावलं, आलं गाव. त्या गावातलं एक चिमुकलं पॅकेज आज सकाळी मालकानं काढून टाकलं होतं. त्याचं काम काय? एकेरी आकड्याआधी शून्य लावायचं. साताचं शून्य-सात करायचं. बस्स. तेवढ्यानं म्हणे जपानात आगगाड्या खोळंबल्या होत्या, अन् ब्राझीलमधल्या एका नवरदेवाला लग्नाची तारीखच मिळत नव्हती.

मालक अमेरिकेतला कोणी दाढीवाला असणार असं धरून तिनं पत्ता शोधला. नाव निघालं संघर्ष. गाव भनपुरी, रायपूर. तिनं स्कूटीला किक मारली.

भनपुरीत ट्रकांच्या रांगेमागं एका घराला ताजा निळा रंग लागत होता. चौदा एप्रिल तोंडावर आला होता. संघर्षच्या आईनं, भीमाबाईनं, आधी देवश्रीला पाय धुवायला लावले, मग तिला पुसलेल्या फरशीवर येऊ दिलं.

संघर्षनं ओशाळून सगळं सांगितलं. जयंतीच्या साफसफाईत आईचा हुकूम सुटला होता : वर्षभर ज्याला हात लागला नाही, ते घरात नको. कपाट झालं, माळा झाला, जुना लॅपटॉप कबाडीवाल्याकडे गेला. मग त्याला आठवलं, कॉलेजात लिहिलेलं ते शून्याचं पॅकेजही उगाच पडून आहे. तेही काढलं. जन्मात पहिल्यांदा आईचं पुरतं ऐकलं अन् जग बंद पडलं.

"मग परत टाक ना भैया," देवश्री म्हणाली.

"तेच तर करून राहिलो, दीदी. पण पॅकेज चढवायचा जो प्रोग्राम आहे ना, त्यालेच माझं पॅकेज लागते."

म्हणजे किल्ली पेटीत अन् पेटीला कुलूप. जुन्या लॅपटॉपातला चढवायचा जुना प्रोग्राम कोणत्याच पॅकेजावर अडत नव्हता. पण तो तर कबाडात. देवश्रीला रेल्वेची परीक्षा दिसायला लागली.

भीमाबाई हे सगळं ऐकत होती. तिनं दिवाणावरची गादी सारली अन् फळी उचलली. आत मोडका स्टोव्ह, संघर्षचे पहिलीतले बूट, बिनकानाचे कप, अन् लुगड्यात गुंडाळलेला लॅपटॉप, चार्जरसकट.

"आई, हे तर मी कबाड्याले देलं होतं."

"अन् मी कोपऱ्यावर गाठलं त्याले." भीमाबाईनं पदरानं लॅपटॉप पुसला. "फेक, असं तुले म्हटलं होतं. मी फेकीन, असं म्हटलं का?"

शून्य जागेवर गेलं. जपानातल्या गाड्या सुटल्या, नवरदेव बोहल्यावर चढला, अन् चारच्या ठोक्याला अभनपुरात धानाची पोती पडद्यावर सरसर मोजली जाऊ लागली. एका म्हाताऱ्या व्यापाऱ्यानं तेवढं विचारलं, बेटी, हे उद्या बंद पडलं तर?

"काळजी नका करू काका," देवश्री म्हणाली. "एकदम पक्क्या जागी ठेवलेलं आहे."

तिकडे भनपुरीत भीमाबाईनं लॅपटॉप पुन्हा लुगड्यात गुंडाळला, मोडक्या स्टोव्हशेजारी नीट ठेवला, अन् वर गादी टाकून आडवी झाली.