रिकामा सापळा

धाकट्या भावाचं गणित चुकीचं ठरवायला बाईंना चार वर्षं लागली. एका अणुकेंद्रकाचं वस्तुमान नेमकं किती, यावर त्याचा जन्मभराचा सिद्धांत उभा होता. बाईंच्या चुंबकी सापळ्यात ते केसभर जास्त भरलं. निकाल पाठवण्याआधी रिकामा सापळा तपासायचा, एवढंच उरलं होतं.

कण आत सोडणारी झडप बंद केली. सापळा सेकंदभर मिटायचा, मग उघडायचा. आत कुणी असेल तर स्पीकरवर टिक् वाजणार. नसेल तर शांतता.

टिक्.

"सापळाच तो. उंदीर असेल," तंत्रज्ञ म्हणाला, पण हसला नाही.

पुन्हा टिक्. बाईंनी आलेल्याचं वस्तुमान काढलं. शेवटच्या आकड्यापर्यंत भावाचंच उत्तर.

"बाई, झडप मी स्वतः आवळलीये."

"मग आता दहा मिनिटं धरून ठेव. ते अणुकेंद्रक तर चार सेकंदांत विरून जातं. बघू कोण टिकतंय."

त्याने कळ दाबली. पडद्यावर सेकंद धावू लागले, आणि भावाचा फोन आला.

"ताई, हसू नकोस हं. मघापासून छातीत काहीतरी होतंय. कुणीतरी मुठीत धरतं, अन् लगेच सोडतं."

पडद्यावर बेचाळीस सेकंद झाले होते.

"या वेळी मात्र… सोडतच नाहीये गं."

"उघड!" बाई तंत्रज्ञावर ओरडल्या. "उघड तो सापळा!"

"उघडला, बाई."

दोघं ऐकत राहिले. स्पीकर गप्प होता. फोनही.