निळ्या काठाची वाटी

“झाकण मी काढते,” हेर्मी म्हणाली. “नानाय, तुम्ही नुसत्या बसा.”

“का? डोळे गेलेत माझे, हात नाही गेले,” लोला उर्सिंग म्हणाली.

अख्खं गाव तिला लोला म्हणायचं, म्हणजे आजी. आता एकटी सून हेर्मी तेवढी नानाय म्हणायची, म्हणजे आई.

अंगणात ‘जुनी चूल’ मंडळाची माणसं जमली होती. विसरत चाललेले पदार्थ घराघरांतून शोधायचे, सगळ्यांनी मिळून करायचे, लिहून ठेवायचे, हे मंडळाचं काम. या वर्षीचा मान लोलाच्या माडाच्या व्हिनेगरला होता. पाच पिढ्यांचं विरजण. आज बारा घरं त्यातलं थोडं थोडं घेऊन जाणार होती. रिकाम्या बरण्या बाकावर ओळीने मांडलेल्या होत्या.

मंडळाची प्रमुख डुल्से, सगळ्यांची मानांग म्हणजे ताई, सुरमईचे तुकडे करत होती. मासा कच्चाच, त्यावर हे व्हिनेगर, आलं, मिरची. बास.

“लोला, रांजण तुमच्या पणजीचा ना?” तिने विचारलं.

“रांजणाचं काय विचारतेस? चव बघ.”

हेर्मीने मान खाली घातली.

पणजीचा रांजण नऊ वर्षांपूर्वीच्या वादळात फुटला होता. अख्खं स्वयंपाकघर खाली आलं होतं. लोला तेव्हा कंबर मोडून शहरातल्या हॉस्पिटलात, हेर्मीचा नवरा बोटीवर. घरात एकटी हेर्मी. तिने खापऱ्या वेचल्या आणि केळीखाली पुरल्या. तसाच दिसणारा रांजण आणला. पण व्हिनेगर कुठून आणणार?

ती खाडीपलीकडच्या बाजारात गेली. तिथे तिला कुणी ओळखत नव्हतं. दहा जणांकडची चव घेतली. एकाचंही तसं नाही. अकराव्याकडे करवंटी तोंडाला लावली आणि ती तिथेच खाली बसून रडायला लागली.

“एवढं आंबट झालंय का, बाई?” विकणाऱ्याने घाबरून विचारलं होतं.

तिने अख्खा कॅन विकत घेतला आणि नव्या रांजणात ओतला.

लोला घरी आली ती आधी स्वयंपाकघरात गेली. तेव्हाही तिला दिसायचं नाहीच. रांजण चाचपला, बोट बुडवून चाटलं, काठावरून पुन्हा एकदा हात फिरवला. मग म्हणाली, “वाचलं म्हणायचं.”

“हो,” हेर्मी म्हणाली होती. तो ‘हो’ ती नऊ वर्षं निभावत आली होती. आणि आता त्याच ‘हो’वर बारा घरं बरण्या घेऊन बसली होती.

“ऐका गं सगळ्या,” लोलाने आवाज चढवला. “माझं भांडं न्याल तर रिकामं परत आणायचं नाही. आणि आणायचं! एक भामटा माझी निळ्या काठाची वाटी घेऊन गेला तो गेलाच.”

“लोला, एकेचाळीस वर्षं झाली,” मंडळातला बोयेत नारळ किसता किसता म्हणाला. “एव्हाना वाटीला नातवंडं झाली असतील.”

“तुझं लग्न होईना, तू वाटीची नातवंडं मोजतोस होय!”

अंगण हसलं. लोलाने सणाचा झगा घातला होता, केसांत फूल होतं. हेर्मीला ते बघवेना. ती वाकून कानाशी म्हणाली, “नानाय, मला काहीतरी सांगायचंय.”

“नंतर, इंदाय, नंतर पोरी. आधी माणसांचं बघ.”

“आणि एक गंमत,” मानांग डुल्से हात पुसत म्हणाली. “पलीकडच्या बाजारातले जाणकार बोलावलेत. चाळीस वर्षं व्हिनेगरच करतायत. पहिली चव त्यांची.”

फाटकापाशी तीनचाकी थांबली. कापडी पिशवी सांभाळत एक म्हातारा उतरला. पुढचा दात नाही, कानामागे विडी. हेर्मीने त्याला लगेच ओळखलं.

अकरावा.

त्याने तिच्याकडे पाहिलं. परत पाहिलं. “तुम्ही त्या…”

“पाणी देऊ?” हेर्मी घाईने म्हणाली.

“हे बेरतिंग,” मानांग डुल्सेने ओळख करून दिली आणि करवंटी भरून त्याच्या हातात ठेवली.

बेरतिंगने घोट घेतला. डोळे मिटले. दुसरा घेतला. बोयेतची किसणी थांबली.

“ही चव माझ्या रांजणाची आहे,” तो म्हणाला.

हेर्मीच्या हातातली पळी खाली पडली.

“काय म्हणालात?” मानांग डुल्सेने विचारलं.

त्याने पिशवी उघडली. पिशवीत हात घालून फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी काढलं, मग एक बाटली काढली. फडकं सोडलं. वाटी होती, पत्र्याची, निळ्या काठाची. बाटलीतून ती काठोकाठ भरली, लोलापुढे गुडघे टेकले, तिचा हात उचलून आपल्या कपाळाला लावला आणि वाटी तिच्या दोन्ही हातांत ठेवली.

“तुझ्याच माडांवर माडी काढायला चढायचो, नानाय. विरजण मागून नेलं होतं. रिकामी कशी आणणार? आणि तुझ्यासारखं जमेपर्यंत तोंड कसं दाखवणार?”

लोलाचं बोट काठावरून फिरलं. एका जागी टवका उडाला होता, तिथे थांबलं. तिने वास घेतला. मग चव घेतली, सावकाश.

“उशीर केलास, भामट्या,” ती म्हणाली. वाटी मांडीवर ठेवून तिचा हात आता शेजारी हेर्मीचा हात शोधत होता. “माझा रांजण फुटला तेव्हाच, नऊ वर्षांपूर्वी, माझ्या सुनेने हे घरी आणलंय.”