बुवांचा एक श्रोता

"आवाज चांगला. मधूनमधून क्षीण होतो. मागे सतत घरघर."

बुवांनी पत्र मोठ्यानं वाचलं आणि टेबलावर आपटलं. "झालं! लोभावर अर्धा तास घसा फोडला, आणि या गृहस्थाला ऐकू काय आलं, तर घरघर!"

काचेपलीकडे इंजिनिअर वायर गुंडाळत होता. "कार्ड पाठवायचं ना त्यांना?"

"पाठवा. नाही पाठवलं तर आणखी एक पत्र येईल."

बुवांच्या रेडिओवरच्या प्रवचनाला पत्रं येत नव्हती असं नाही. ढिगानं यायची. पण सगळी त्या छंदिष्टांची. शॉर्टवेव्हवर कुठलंतरी दूरचं स्टेशन पकडायचं, आवाज कसा आला ते कळवायचं आणि स्टेशनचं छापील कार्ड मिळवून भिंतीवर लावायचं, एवढाच त्यांचा छंद. बुवा काय बोलले याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. अर्ध्यांना तर बुवांची भाषाही येत नव्हती.

ज्यांच्यासाठी बुवा बोलत होते ती माणसं सीमेपलीकडे होती. तरुणपणी बुवा तिथून पळून आले होते, कारण तिथे प्रवचनाला बंदी होती. त्या देशातून आजवर एक ओळ आली नव्हती. बुवांची थोरली बहीणही तिकडेच राहिलेली. आई गेल्यावर तिनंच त्यांना वाढवलं होतं. म्हणून प्रवचन संपवताना बुवा न चुकता म्हणायचे, "ताई, जपून राहा. गुडघ्यांना तेल लावत जा."

मोहमायेवर बोलून झाल्यावर गुडघ्यांचं तेल! स्टेशनच्या साहेबांना ते मुळीच पटायचं नाही. त्यातून आता त्यांनी बुवांना बोलावून स्पष्टच सांगितलं होतं.

"बुवा, मला एक श्रोता दाखवा. एकच! ज्यानं तुमचं बोलणं ऐकलंय. नाहीतर पुढच्या महिन्यापासून तुमच्या वेळेला व्यायामाचा कार्यक्रम."

बुवा इरेला पेटले. लागोपाठ तीन वेळा त्यांनी तेच प्रवचन केलं, शब्दाला शब्द. म्हटलं, कोणीतरी वैतागून तक्रार करेल! तक्रार कसली? "आवाजात सुधारणा. घरघर कायम," असं पत्र आलं. वर कार्डाची आठवण. बुवांनी कपाळावर हात मारून घेतला. पालथ्या घड्यावर निदान पाणी तरी दिसतं, इथे तेही नाही.

"बंद झालं तर होऊ दे की," घरी बायको म्हणाली. "घसा तरी वाचेल. रोज गुळण्या करून करून भांडं काळं पडलंय माझं."

"होऊ दे ग. बाकी कोणी नाही ऐकलं तरी चालेल मला. पण ताई ऐकत असली तर? एक दिवस रेडिओ लावेल, आणि आतून कोणीतरी उठाबशा काढायला सांगेल तिला."

 बायकोनं उठून गुळण्यांचं पाणी गरम करून आणलं.

महिना संपत आला, आणि एका सकाळी दरवान सांगत आला, "बुवा, तुम्हाला भेटायला कोणीतरी आलंय. तिकडचे आहेत."

पाहुणा ताठ, नीटनेटका, नुकताच निवृत्त झालेला. लेकीकडे आला होता. नमस्कार करून त्यानं पहिलाच प्रश्न विचारला, "तब्येत बरी नव्हती का, बुवा? तेच प्रवचन तीनदा केलंत."

बुवांनी त्याचा हात धरला आणि त्याला ओढतच साहेबांच्या खोलीत नेलं.

"कशावर होतं प्रवचन?" साहेबांनी संशयानं विचारलं.

"लोभावर. तिसऱ्या वेळी विहिरीचा दृष्टांत गाळला यांनी."

"छे! शब्दाला शब्द तेच होतं," बुवा म्हणाले. मग थबकले. विहीर खरंच राहिली होती.

साहेब पुढे सरकून बसले. "कधीपासून ऐकताय?"

"पहिल्या दिवसापासून. एकदाही चुकवलं नाही. तापानं फणफणलो होतो तेव्हाही उठून बसलो. दर हिवाळ्यात तुम्ही लोक रेडिओवरची जागा बदलता. मी बटण फिरवत बसायचो, पण पहिलं वाक्य संपायच्या आत शोधून काढायचोच. बायको म्हणायची, त्या बुवाशीच लग्न करायचं होतंत."

साहेब खो खो हसले. "राहू दे तो व्यायाम," ते म्हणाले. "बुवा, तुमचा अर्धा तास तुम्हाला लखलाभ!"

बुवांचा आनंद गगनात मावेना. पाहुण्याला त्यांनी कँटीनमध्ये नेलं, चहा मागवला, बिस्किटं मागवली, आजूबाजूच्या टेबलांना ओळख करून दिली, "हे आमचे श्रोते!" पाहुणा संकोचून बसला होता.

"तुमच्यामुळे माझी दारू सुटली, बुवा," तो हळूच म्हणाला. "खोटं बोलणंही सुटत आलंय. म्हणून निवृत्त झाल्या झाल्या इकडे आलो. म्हटलं, तोंडावर सांगून टाकावं."

बुवांचे डोळे भरून आले. इतकी वर्षं मनात दाबून ठेवलेला प्रश्न आता त्यांच्यानं आवरेना.

"मग ताईनंही ऐकलं असेल. तुमच्यासारखंच बटण फिरवून फिरवून. ऐकलं असेल ना हो?"

पाहुण्यानं कप बशीत ठेवला.

"नाही, बुवा. तिकडे कोणीच ऐकलं नाही."

"असं कसं? तुम्ही ऐकलंत की!"

"मला ऐकावंच लागायचं. तुम्ही सापडलात की वर घरघर सोडून तुमचा आवाज बुडवायचा, याचाच सरकार मला पगार देत होतं."