पहिली प्रत

नोकरी गेल्याचं त्याने घरी सांगितलं नव्हतं. बायकोच्या पगारावर घर चालत होतं, तोवर घाई नव्हती. रोज इस्त्रीचा शर्ट घालून, डबा घेऊन तो वाचनालयात जाऊन बसायचा आणि ऑनलाइन कमाईचा कोर्स करायचा. "अख्ख्या समुद्रात जाळं टाकू नका," कोर्सवाले सर सांगायचे. "एक डबकं शोधा. अडचण एकच, आणि ती असणारी माणसं मोजकीच."

अडचण शोधायला त्याला लांब जावं लागलं नाही. 'नोकरी गेल्याचं घरी कसं सांगाल?' ही पुस्तिका लिहून त्याने विकायला ठेवली. घेणाऱ्याचं नाव लेखकालाही कळणार नाही, ही हमी. पहिलाच सल्ला असा: टीव्ही बंद करा, खुर्ची समोर ओढा आणि म्हणा, 'आधी सगळं ऐकून घे, मग काय चिडायचं ते चिड.' त्याला स्वतःला मात्र तेवढं जमत नव्हतं.

आज पहिली प्रत खपली. तो आइस्क्रीम घेऊनच घरी आला.

"काय रे, बढती मिळाली की काय?" बायकोने विचारलं.

"तसंच समज."

तिने आइस्क्रीम तसंच ओट्यावर ठेवलं, टीव्ही बंद केला आणि खुर्ची त्याच्यासमोर ओढली.



"आधी सगळं ऐकून घे," ती म्हणाली, "मग काय चिडायचं ते चिड."