वळणावरचा ट्रक

"डोळे मिटा आणि फक्त श्वासाकडे लक्ष द्या," समुपदेशक मॅडम म्हणाल्या. वर्तुळातल्या बाकी सगळ्यांनी डोळे मिटले. तिने नाही. अपघाताला दोन वर्षं झाली, तरी डोळे मिटायला ती धजत नव्हती.

चष्म्याच्या दुकानात ती काचा घासायची. दिवस कसाबसा जायचा. घरी आल्यावर मात्र दाराजवळच्या खुर्चीकडे बघायचं ती टाळायची. नवरा त्या खुर्चीत बसून बूट घालायचा.

शेवटी सासूबाईंनीच तिला इथे आणलं. "मुलगा गेला. आता सून नाही जाऊ द्यायची मला," त्या म्हणाल्या होत्या. दर शनिवारी त्या सोबत यायच्या आणि बाहेर बाकावर विणत बसायच्या.

दोन महिने तिच्या तोंडून शब्द फुटला नाही. मग एकदा तिने सांगितलं. पहाटेचं धुकं. गाडी ती चालवत होती, नवरा शेजारी. वळणावर समोरून ट्रक अंगावर आला, गाडी दरीत गेली, ट्रक थांबलाच नाही. पोलिसांनाही तिने हेच सांगितलं होतं, पेपरातही हेच छापून आलं होतं.

शेजारच्या मफलरवाल्या काकांनी पाण्याचा ग्लास पुढे केला.

काका गटात कधीच बोलत नसत. पण त्या दिवसापासून खिडकीजवळची खुर्ची ते तिच्यासाठी राखून ठेवू लागले. "जेवलीस का, पोरी?" एवढंच विचारायचे.

हळूहळू ती सावरली. दुकानात एकदा खळखळून हसली, तर मालक चष्मा पुसून पुन्हा बघू लागले. एके सकाळी दाराजवळच्या खुर्चीत बसून तिने चपला घातल्या. सासूबाईंनी पाहिलं आणि पदराने डोळे टिपले.

शेवटच्या शनिवारी घरच्यांनाही आत बोलावलं होतं. सासूबाई तिला खेटून बसल्या. "कुणाला काही बोलायचंय?" मॅडमनी विचारलं.

काका उठले.

"मी ट्रक चालवायचो. त्या पहाटे त्याच वळणावरून गेलो. डुलकी लागली. दचकून जागा झालो, तर वळण मागे पडलेलं. दुसऱ्या दिवशी पेपरात त्या ट्रकबद्दल वाचलं. तेव्हापासून स्टिअरिंगला हात लावला नाही, धड झोपलो नाही. इथे आलो, तर समोर ही पोर." त्यांनी मफलरने तोंड पुसलं. "आता इथून सरळ पोलीस चौकीत जातो. पोरी, तुझ्या नवऱ्याला मी मारलं."

सासूबाई उठून काकांसमोर गेल्या. त्यांनी हात उगारला. तो तसाच वर राहिला, मग खाली आला.

"जा," त्या म्हणाल्या. "जा चौकीत."

काकांनी पिशवी उचलली. ते दारापर्यंत पोचले.

"थांबा, काका."

ती उठली. तिने सासूबाईंचा तो हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला.

"आई, ट्रक नव्हताच. डोळा माझा लागला होता."