दोन गल्ल्या, एक रंग

पाण्याला हिरवा रंग आला आणि पुलावरचं बोलणं थांबलं.

लव्हाळ्याच्या कोपऱ्यात आधी एक रेघ दिसली, मग ती पसरली. खालच्या गल्लीतल्या कोणीतरी टाळी वाजवली. आपल्या संडासातलं पाणी तळ्यात जातं हे सिद्ध झाल्यावर टाळ्या वाजवणारी माणसं दुसरीकडे मिळायची नाहीत. पण इथला हिशेबच तसा होता. पाणथळ वाचवायच्या आराखड्यात स्पष्ट म्हटलं होतं, की ज्या गल्लीची घाण तळ्यात उतरते तिला गटाराची नवी लाइन आधी. पाइप एकाच गल्लीपुरते होते. दुसरीची पाळी पुढच्या आराखड्यात, म्हणजे देव जाणे कधी. त्यामुळे गेला महिनाभर दोन्ही गल्ल्या आपणच जास्त घाणेरड्या असल्याचं छातीठोकपणे सांगत होत्या.

निवाडा नगरपालिकेच्या इंजिनिअरकडे होता. संडासात रंगाची पूड टाकायची, पाणी सोडायचं आणि रंग तळ्यात निघतो का ते पाहायचं. काल सकाळी त्यानं वरच्या गल्लीत हिरवी पूड टाकली, आज सकाळी तीच खालच्या गल्लीत. त्याची बोटं अजून हिरवी होती. काल संध्याकाळपर्यंत तळं जसंच्या तसं. आज मात्र चहा होतो न होतो तोच हिरवंगार. मग शंका कसली? नगरसेविकाबाईंनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं आणि खालच्या गल्लीचं अभिनंदन केलं.

खालच्या गल्लीत इंजिनिअरची थोरली बहीण राहत होती. तिच्या मोरीतून वर्षभर पाणी उलटं वर येत होतं. पाहुणे आले की ती त्यांना हात धुवायला शेजारच्या घरी पाठवी आणि रात्री भावाला फोन करी. अख्ख्या गावाची गटारं तुझ्या हातात आणि बहिणीच्या मोरीत ही तऱ्हा, असं ती हसत हसत म्हणे. हसून म्हटलेलं जास्त लागतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

आता ती गर्दीतून वाट काढत आली आणि भावाच्या पाठीवर थाप मारून म्हणाली, "शाळेत चित्रकलेत नापास व्हायचास. आज बघ, अख्खं तळं रंगवलंस."

सगळे हसले. हसणं भाग होतं, म्हणून तोही हसला.

खालच्या गल्लीखाली घट्ट चिकणमाती. तिच्यातून पाणी मुरत नाही, म्हणून तर ताईच्या मोरीत ते उलटं येतं. वरची गल्ली वाळूवर. वाळूतून पाणी झिरपतं, पण सावकाश. एक रात्र तरी घेतंच. उतार मात्र दोन्हींचा याच कोपऱ्याकडे. समोर दिसत होता तो कालचा रंग होता, वरच्या गल्लीचा. पुलावर एवढी माणसं होती, पण हे कळत होतं एकट्या त्याला.

दोन गल्ल्यांच्या तपासण्यांत आठवड्याचं अंतर ठेवायचं असतं. त्यानं एका दिवसाचं ठेवलं. नगरपालिकेची सभा तोंडावर आली आहे, असं कारण त्यानं दिलं होतं आणि ते खरंही होतं. खऱ्या कारणासारखं झाकण नाही. आता लाइन खाली जाणार आणि वरची घाण वर्षानुवर्षं तळ्यात उतरत राहणार. खोटं त्यानं काहीच केलं नव्हतं. फक्त तोंड उघडायचं होतं, आणि ताई शेजारी उभी होती.

"साहेब, खालची गल्ली धरायची ना मग?" बाईंनी विचारलं.

त्यानं पाण्याकडे पाहिलं. "दिसतंय तर तसंच."

सरकारी उत्तरं अशीच असतात, कोणाला काही खटकलं नाही. वरच्या गल्लीची माणसं कुरकुरत पांगली. आपली घाणही मेली ऐन वेळी दगा देते, असं एकजण जाता जाता म्हणाला. ताई पाहुण्यांची यादी मनात करत घरी गेली.

मागे राहिले टेलरकाका. वरच्या गल्लीतलं शेवटचं घर त्यांचं. इंजिनिअरची पहिली फुलपँट त्यांनीच शिवली होती. गल्लीच्या या चढाओढीत फक्त तेच सामील झाले नव्हते. रोज संध्याकाळी तळ्याकाठच्या बाकावर बसून बगळे बघायचा त्यांचा नेम. पण आराखड्याची बातमी ऐकल्यापासून त्यांनी इकडे यायचंच सोडलं होतं. आपणच घाण सोडायची आणि वर पाखरं बघत बसायचं, हे काही बरं नव्हे, असं त्यांनी घरात सांगितलं होतं.

आज ते पुलावरून उतरून काठाशी गेले. चपला काढून बाकाखाली नीट जोडून ठेवल्या आणि बाह्या दुमडल्या. त्या बाजूला रंग अजून पोचला नव्हता.

"आमचं नाही निघालं," ते खालून म्हणाले. "लोकांना वाईट वाटलं. मला मात्र, खरं सांगू का, आज झोप लागेल."

ते वाकले आणि त्यांनी ओंजळ भरली.

"काका, थांबा."

"का रे?"

इंजिनिअर कठड्याला धरून उभा राहिला. "गार असेल पाणी."

"असू दे की." काकांनी ओंजळ तोंडावर मारली, मग दुसरी. मिशीवरून पाणी निथळत असताना त्यांनी वर पाहिलं. "बोटं बघ किती हिरवी झालीत तुझी. ये, इथंच धुऊन टाक. चांगलं पाणी आहे."

इंजिनिअरनं दोन्ही हात खिशात घातले.