हो म्हणेपर्यंत

न केलेला गुन्हा माणसं पोलिसांपुढे कबूल का करतात, हे शोधण्यात प्राध्यापक बाईंची सगळी उमर गेली होती. देशोदेशीच्या तुरुंगांत बसून त्यांनी निरपराध कैद्यांना हाच एक प्रश्न विचारला होता.

त्या दुपारी व्याख्यान देऊन त्या घरी आल्या, तर स्वयंपाकघरात धूर. दुधाचं पातेलं करपून कोळसा झालेलं, आणि घरात एकटे म्हातारे वडील.

"नाना, दूध तुम्हीच ठेवलंत ना?"

"नाही गं पोरी. मी तिकडे फिरकलोसुद्धा नाही."

बाईंनी खुर्ची जवळ ओढली. आवाज चढवला नाही. उलट फुंकर घालावी तसा मऊ केला. "आठवा बरं नीट. रागावणार नाही मी." जात्यासारखा तोच प्रश्न फिरत राहिला. शेवटी नाना खाली बघत म्हणाले, "हो. मीच ठेवलं असेन."

"मग उद्यापासून स्वयंपाकघराला कुलूप. चहा आम्ही करून देऊ."

स्वतःच्या हातचा चहा, एवढंच नानांचं राज्य उरलं होतं. त्यांनी मान डोलावली.

तेवढ्यात बाईंचा नवरा धापा टाकत आत आला. "अगं, दूध गॅसवर ठेवून मी तसाच बाहेर पडलो! घर शाबूत आहे ना?"

बाईंना नानांकडे बघवेना. तुरुंगातला तो प्रश्न जेमतेम ओठांबाहेर आला. "नाना, मग तुम्ही हो का म्हणालात?"

"तू थांबेचनास गं."

 

मग खुर्चीच्या हातांवर जोर देत नानांनी हळूच विचारलं, "आता उठू का मी?"